टाळकी ज्वारीची दोन पोती

मु. नवे उमरदरा, ता. हिंगोली, जि. परभणी
रविवार, २७ फेब्रुवारी १९७७

जनकाआक्कास,

सोनाजीचा जयभीम. तातेराव दाजींना माझा जयभीम सांग, पद्माला आशीर्वाद. आम्ही इकडं खुशाल आहोत. रुक्माचा गुडघा थंडीत धरला होता, आता ती चालती-फिरती आहे. तुमचंही बरं असेल असं धरून चाललो आहे. धरून चालण्यावाचून दुसरा इलाज मीच ठेवलेला नाही.

अक्षर पाहून पद्मा विचारील, हे पत्र कोणाचं. सांग तिला, मामाचं. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती परकरात होती. आता दहावीला आहे, असं औंढ्याच्या बाजारात तुमच्या हट्ट्याच्या एका माणसानं सांगितलं. ऐकून छाती भरून आली. आपल्या घरात खरी हुशार तूच होतीस. पण मला शाळेत घातलं आणि तुला वाळूत.

पत्राचं कारण असं की, नाल्याकडच्या तुकड्यात विहीर खांदली. तीन उन्हाळे खांदत होतो. औंदा सात परस खोल गेल्यावर काळा दगड फुटला आणि झरा लागला. पाणी गोड आहे. रुक्मा म्हणते, आता हळद लावू. मागच्या उन्हाळ्यात मी हिंगोलीच्या मोंढ्यात गेलो होतो. हळदीच्या ढिगाजवळ उभा राहिलो आणि एक हळकुंड मोडून पाहिलं. आत केशरी रंग. अडत्या म्हणाला, "हट्ट्याचा माल हाय, बराबर पहा." माझी बहीण तिथंच दिली आहे, हे अगदी तोंडावर आलं होतं. हळकुंड खाली ठेवून निघून आलो.

तर एक पोतं बेणं पाहिजे. मोल काय ते दाजींनी सांगावं. आणि थोडं शिकवावंही. बेणं कसं निवडायचं, सरीत किती खोल घालायचं, पाणी कितव्या दिवशी द्यायचं, मला काहीच माहीत नाही. आपल्या घरात हळद कधी पिकली नाही. आपण टरबूजवाले.

आठवतं तुला? होळी झाली की पूर्णेची धार एका कडेला जायची आणि माय वाळूत खड्डे करायला लागायची. प्रत्येक खड्ड्यात टोपलंभर शेणखत, वर नदीचा गाळ, आणि त्यात चार चार बिया. तू दोन्ही हातांत दोन मडकी घेऊन पाणी घालायचीस. माझ्या हातात एकच मडकं, तेही अर्धं, आणि तरी मी सांडायचो. ऊन चढलं की वाळू अशी तापायची की आपण दोघं टरबुजाच्या वेलांवर पाय ठेवून पळायचो. माय ओरडायची, "पाय पोळू द्या, वेल नका तुडवू!"

माल तयार झाला की ती टोपलं डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची. पैसा कोणाजवळच नव्हता. टरबूज द्यायचं आणि ज्वारी घ्यायची. चांगल्या थोरल्या फळाला एक अधोली, म्हणजे अर्धी पायली. मला एक दिवस लख्ख आठवतो. मी सहा-सात वर्षांचा असेन, तू मोठी होतीस, तुला जास्त आठवत असेल. एका मोठ्या घरच्या बाईनं टरबुजं आत नेली आणि ज्वारी देताना उंबऱ्यावरून मायच्या पदरात वरूनच ओतायला लागली, आपल्याला शिवायला नको म्हणून. मायनं पदर मिटला. म्हणाली, "बाई, माप खाली ठेवा. शीग लावून ठेवा. मी उचलून घेते." ती बाई थांबली, आणि खरंच तिनं माप जमिनीवर ठेवलं, वर चांगली शीग लावली. परत येताना मी मायला विचारलं, "तिनं आपली टरबुजं कशी काय घेतली?" माय हसली. म्हणाली, "फळ धुता येतं रं, बाबा." आणि मग कितीतरी वेळ ती हसली नाही.

ती वाळू आता धरणाच्या पाण्याखाली, दिसायची नाही. पण एकदा दिसली. दुष्काळाच्या साली, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, सिद्धेश्वराच्या धरणाचं पाणी इतकं हटलं की आपलं जुनं उमरदरा उघडं पडलं. लोक पाहायला जाऊन राहिले होते. मायनं हट्ट धरला म्हणून मीही तिला घेऊन गेलो. सगळीकडं भेगाळलेला गाळ. घरांची नुसती जोती. कोणतं कोणाचं, मला कळेना. माय मात्र सरळ चालत गेली आणि एका जागी खाली बसली. तिथं जमिनीत आपलं दगडी उखळ होतं, तसंच रोवलेलं. तिनं हातानं त्यातला गाळ काढला. पुष्कळ वेळ काढत होती. तुझं नाव घेतलं तिनं. म्हणाली, "जनकानं पाह्यला पाह्यजे व्हतं."

जाऊ दे. तू कॅनॉलच्या पहिल्या पाण्यावरचा गहू घेऊन आली होतीस त्या दिवशी मी बोललो ते बोललो. माय गेल्यावर तू आलीस, ओट्यावर बसलीस, रुक्मानं दिलेला पाण्याचा तांब्या तसाच ठेवून गेलीस. त्यालाही तीन वर्षं झाली. मागचं काढायला हे पत्र लिहिलेलं नाही. बेण्यापुरतं लिहिलं आहे. जमत असेल तर कळव, जमत नसेल तर तेही कळव.

दाजींना पुन्हा जयभीम.

सोनाजी



मु. नवे उमरदरा
मंगळवार, ५ एप्रिल १९७७

आक्का,

तुझं कार्ड मिळालं. पद्माचं अक्षर मोत्यासारखं आहे. कार्डावर चारच ओळी होत्या, त्या मला आता पाठ आहेत.

"बेणं देते. मोल नको. दोन पोती ज्वारी मी प्रेमसिंगाच्या गाडीत घातली होती, ती परत आली न्हाईत. पोत्यांचं मला काही न्हाई. पण मायनं माझं आन्न काहून नाकारलं, तेवढं सांग."

ह्या कार्डाला उत्तर द्यायला मला नऊ दिवस लागले. तीन वेळा कागद घेतला आणि ठेवला. आज रुक्मा म्हणाली, "तुमी लिव्हता का मी कोणाकडून लिव्हून घिऊ?" तेव्हा बसलो आहे.

पद्मा, हे तू वाचून दाखवत असशील. वडील शेतातून यायच्या आत वाच. आणि मधे थांबू नको. मामा वाईट दिसायला लागला तरी थांबू नको, शेवटपर्यंत वाच.

आक्का, मायनं तुझं अन्न नाकारलं नाही. मी नाकारलं.

पहिल्यापासून सांगतो. धरण झालं तेव्हा आपली नदीकाठची मळी गेली, वाळू गेली, गाव गेलं. आम्हाला वर माळावर जागा मिळाली. मुरूम. कुदळ मारली की ठिणगी पडावी असा मुरूम. आणि त्याच पाण्याचा कॅनॉल खाली तुमच्या हट्ट्याच्या रानात गेला. जे दाजी दुसऱ्याच्या बांधावर राबत होते, त्यांच्या दोन एकरात गहू उभा राहिला. तू तो गहू घेऊन आलीस. फडक्यात बांधून, डोक्यावर, एस.टी.च्या थांब्यापासून चालत. तुझ्या तोंडावर जो आनंद होता तो मी पाहिला होता. पाहून न पाहिल्यासारखं केलं. मी म्हणालो, "ह्या गव्हाला आमच्या उंबऱ्याचा वास येतो. आमी बुडालो म्हनून तुमी पिकले."  फडकं मायच्या हातात दिलंस आणि आल्या पावली गेलीस. मायनं मला त्या दिवशी जेवायला वाढलं नाही. स्वतःही जेवली नाही.

मला तेव्हा वाटायचं, माझं बोलणं खरं आहे. आजही वाटतं की त्यात खोटं काही नव्हतं. पण ते तुला काहून बोललो? कॅनॉल तू खांदला नव्हतास. ज्यांनी खांदला त्यांच्यासमोर मी हात जोडून उभा होतो.

मग दुष्काळ पडला. बहात्तर-त्र्याहत्तर. मी आणि रुक्मा खडी फोडायच्या कामावर होतो. घरात ती अमेरिकेची लाल ज्वारी यायची, मिलो, आणि कामावर सुकडी मिळायची. मिलोची भाकर तव्यावरच फाटायची. माय म्हणायची, "मला भूक न्हाई, तुमी खा." अर्धी भाकर खायची आणि दुपारी काठी घेऊन निघायची. गोवऱ्या वेचायला जाते म्हणायची. जनावरंच राहिली नव्हती तर गोवऱ्या कुठल्या, हे मी तिला कधी विचारलं नाही.

फाल्गुनात एक दिवस मी कामावर होतो. रस्त्याच्या कडेला आम्ही शंभरेक माणसं हातोडे घेऊन बसलेलो. तांड्याचा प्रेमसिंग गाडी घेऊन आला. वसमतकडून कडबा आणायला गेला होता. तुला माहीत आहेच, त्याच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं. त्याला गाडीवाल्याचं कामच आवडायचं. कडब्यावर दोन पोती होती. तो सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "सोनाजी, तुह्या बहिणीनं धाडलीत. टाळकी ज्वारी हाय, पांढरीशिप्पट. तुह्या मायला, चंदामायला दे म्हनली."

शंभर माणसांनी माना वर केल्या. सगळे मिलो खाणारे. कोणीतरी म्हणालं, "नशीब काढलं बुवा, बहिणीनं." त्यात वाईट काही नव्हतं. पण मला ते सोसलं नाही. मला वाटलं, गाव गेलं, मळी गेली, आणि आता मी बहिणीच्या तुकड्यावर. मी म्हणालो, "परत ने. आमाला त्या पाण्यावरचं नको."

प्रेमसिंग म्हणाला, "लेकरं हायेत घरात. म्हातारी हाय."

"परत ने म्हनलं ना!"

त्यानं कासरा ओढला. मग बैलांना हाक घातली आणि गाडी तांड्याच्या अंगाला वळवली. मला वाटलं, पुढच्या फेरीत तो पोती तुझ्याकडं पोचती करील.

आणि मग मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही. मी तुला कार्ड टाकलं. तुझ्याकडं असेल ते अजून. त्यात मी लिहिलं, "धान्य परत लावले आहे. माझ्या पोराचे गाव बुडवणाऱ्या पाण्यावरचे अन्न मला चालत नाही. पुन्हा पाठवू नये." आणि खाली लिहिलं, "तुझी माय." माझ्या नावानं लिहिलं असतं तर तू मला शिव्या दिल्या असत्यास आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पोती घेऊन उभी राहिली असतीस. मायचं नाव घातलं की तू येणार नाहीस, हे मला बराबर माहीत होतं. तू आली नाहीस.

मायला ह्यातलं काही सांगितलं नाही. तिनं तुझी आठवण काढली की मी उठून बाहेर जायचो. पुढच्या पौषात तिला ताप भरला आणि आठ दिवसांत ती गेली. तिचे हात काडीसारखे झाले होते. मी तिला उचललं तेव्हा वजनच लागलं नाही. तेव्हापासून एकच गोष्ट माझ्या मनात होती, की दोन पोती ज्वारी दारापर्यंत आली होती आणि मी मायला उपाशी ठेवलं. हे मी रुक्माला सांगितलेलं नव्हतं. तुला काय सांगणार?

आता तुझ्या कार्डातलं. "ती परत आली न्हाईत." मी ते वाचलं आणि खरं सांगू, मला पहिल्यांदा बरं वाटलं. दुसरा कोणीतरी गुन्हेगार सापडला म्हणून. म्हटलं, प्रेमसिंगानं खाल्ली. मी माझ्या मायला उपाशी ठेवलं आणि ह्यानं तिचा घास चोरला. प्रेमसिंगाचे बैल त्याच उन्हाळ्यात चाऱ्यावाचून मेले. पुढं ते नवरा-बायको मिळून ऊस तोडायला जायचे, आणि आता दोन वर्षं तो हिंगोलीच्या मोंढ्यात हमाली करतो. शनिवारी मी एस.टी. धरून हिंगोलीला गेलो. हळदीचा हंगाम, मोंढ्यात पाय ठेवायला जागा नाही. तो पाठीवर पोतं घेऊन चालला होता. मी त्याला आडवा झालो.

"जनकाची दोन पोती कुठं घातलीस?"

तो पोत्यासकट बाजूनं निघायला लागला.

"तुला सांगतो प्रेमसिंग, दुष्काळात माझ्या म्हातारीच्या तोंडचं खाल्लं तू. चोर हायेस तू!"

हमालांनी हातातली कामं थांबवली. अडत्यानं कट्ट्यावरून वाकून पाहिलं. त्या सगळ्यांत तो रोज भाकर खातो, आक्का. प्रेमसिंग वाकलेलाच होता, पोतं पाठीवर तसंच. तो म्हणाला, "बाजूला हो, पोतं उतरवू दे." त्यानं पोतं थप्पीला लावलं, गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसलं आणि मला म्हणाला, "मला बोलता येत न्हाई. घरी चल. पारूला इचार."

एस.टी.त आम्ही एका बाकावर बसून आलो. तिकिटं त्यानंच काढली. औंढ्यापासून तांड्यापर्यंत चालत आलो. मी मनात भांडण तयार करून ठेवलं होतं.

त्याची बायको पारुबाई अंगणात बसली होती. मला पाहून ती उठली, तांब्या भरून आणला. प्रेमसिंग तिला त्यांच्या बोलीत एकच वाक्य बोलला आणि म्हशीकडं गेला. पारुबाईनं माझ्याकडं पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणाली, "आज इचारायला आलास भिया? चार वर्सांनी?"

आक्का, तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो.

"तू गाडी फिरवलीस तवा हा पोती घेऊन इथं आला. म्हनला, परत नेतो. मी म्हनलं, कोणाला इचारून? ज्वारी सोनाजीची न्हाई, याडीची हाय. तिला इचार." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत माय, भिया म्हणजे भाऊ. आपल्या मायला ती याडीच म्हणायची. जुन्या गावी ती लाकडाची मोळी घेऊन यायची आणि टरबूज घेऊन जायची, तेव्हापासूनची ती ओळख. "दुसऱ्या दिशी मी याडीला बोलवून आणलं. पोत्याचं तोंड सोडलं. तिनं ओंजळ भरून घेतली, नाकाशी धरली.  मग म्हनली, पारू, जातं कुठंय?"

आपली माय चार महिने रोज दुपारी तांड्यावर जात होती. दोघी मिळून दळायच्या, पारुबाई भाकरी थापायची. माय गरम भाकर खायची, मीठ-मिरचीशी. एकटी नाही खायची. तांड्यात पाच-सहा म्हातारी माणसं होती, ज्यांची पोरं कामाला दूर गेलेली. मायनं त्या सगळ्यांना बसवलं. पारुबाई म्हणाली, "वाढताना रोज म्हनायची, माह्या जनकानं धाडलंय, पोटभर खा. रोज म्हनायची. त्या म्हाताऱ्यांना तुह्या बहिणीचं नाव पाठ झालं व्हतं."

ऐकलंस ना आक्का? रोज.

मी विचारलं, मला काहून सांगितलं नाही? आमच्या घरात तर लेकरं मिलो खात होती. पारुबाई म्हणाली, "लेकरांना येताना पदराखाली भाकर आणायचीच की ती. रुक्माला म्हाईत व्हतं." मी घरी येऊन रुक्माला विचारलं. रुक्मा खाली मान घालून म्हणाली, "व्हय. सासूबाईंनी शपथ घातली व्हती." आक्का, घरातल्या सगळ्यांनी तुझी ज्वारी खाल्ली. मी एकटा मिलो खात होतो आणि मला वाटत होतं मी घराची अब्रू राखतो आहे.

प्रेमसिंगानं एकदा मायला म्हटलं होतं, सोनाजीला सांगून टाक. त्यावर माय काय म्हणाली, ते पारुबाईनं मला सांगितलं तेव्हा मला तिच्यासमोर बसवेना. माय म्हणाली, "त्याचं गाव गेलं, मळी गेली. ताठा तेवढा राह्यलाय त्याच्यापाशी. त्यो मी कशाला काढून घिऊ? निवल त्याचा त्योच."

ती होती तोवर तो निवला नाही.

तुला निरोप द्यायला तिनं प्रेमसिंगाला सांगितलं होतं, "जनकाला म्हनावं, पोचली, गोड लागली." पण त्याचे बैल गेले, तो हट्ट्याकडं फिरकलाच नाही. दसरा झाला आणि ते दोघं ऊस तोडायला गेले. माय म्हणायची, संक्रांत झाली की मी स्वतःच जाईन. संक्रांतीच्या आधीच ती गेली. पारुबाईला ती गेल्याचं उसाच्या फडावर कळलं, दोन महिन्यांनी. माझ्या त्या कार्डाचं मात्र ह्यांतल्या कोणालाही माहीत नव्हतं. मी पारुबाईला सांगितलं. तिनं तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली, "मग ती बिचारी चार वर्सं काय समजून बसली आसल रं!"

अजून एक आहे. त्र्याहत्तरच्या दसऱ्याला पाऊस बरा झाला होता, पण पेरायला बियाणं कोणाकडं नव्हतं. माय एक दिवस पदरात गाठोडं बांधून आली. म्हणाली, "तांड्यातून आणलं. नाल्याकडच्या तुकड्यात पेर." मी पेरलं. पीक आलं तेव्हा माय नव्हती. दाणा असा टपोरा आणि पांढरा, की लोक बांधावर थांबून विचारायचे. मी दर वर्षी त्यातलीच कणसं निवडून बी ठेवतो. पारुबाईला विचारलं, ते गाठोडं कुठलं. ती म्हणाली, "कुठलं आसल? पोत्यातलं शेवटचं. याडीनं खाऊ दिलं न्हाई कोणाला." म्हणजे आक्का, जे मी रस्त्यावरून परत लावलं, त्यावर माझं घर चार सुग्या जगलं.

मी उठलो आणि म्हशीजवळ प्रेमसिंग उभा होता तिथं गेलो. त्याचे पाय धरायला वाकलो तर त्यानं खांदा धरून वर उचललं. म्हणाला, "इथं नको. मोंढ्यात म्हन." त्याचं बराबर आहे. काल सोमवारी मी पुन्हा हिंगोलीला गेलो. सकाळी लिलाव सुरू व्हायच्या आधी, सगळे हमाल कट्ट्याजवळ बसले होते, तिथं मी मोठ्यानं सांगितलं की प्रेमसिंग चोर नाही, खोटा मी होतो, आणि कसा ते सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. एक म्हातारा हमाल म्हणाला, "बहिणीला सांगितलंस का?" मी म्हणालो, न्हाई. तो म्हणाला, "मग इथं काय करून राहिलास?"

म्हणून आज हे पत्र.

मी तुझ्याकडं माफी मागत नाही, कारण मागितली की तू देशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. चार वर्षं तू हे उरावर घेऊन राहिलीस की आपल्या मायनं आपलं अन्न नाकारलं. मायच्या मातीला आलीस तेव्हाही तेच घेऊन आलीस. त्या दिवशी ओट्यावर तू कोणाकडं पाहत नव्हतीस. मी तुझ्यापासून चार हातांवर उभा होतो. एका वाक्याचं काम होतं, आणि मी लोकांना पाणी देत फिरलो.

बाबासाहेबांची जयंती झाली की पुढच्या सोमवारी, अठरा तारखेला, मी हट्ट्याला येतो. बेण्यासाठी नाही. बेणं द्यायचं की नाही ते तू हे पत्र ऐकल्यावर ठरव. माझ्याबरोबर रुक्मा असेल, आणि पारुबाई येते म्हणाली आहे. ती म्हणते, याडी काय काय बोलायची, कशी हसायची, ते मी माझ्या तोंडानं जनकाला सांगीन, कागदावर ते येणार न्हाई. खरंच आहे. चार महिन्यांच्या दुपारी आहेत तिच्याजवळ, त्या तुझ्या आहेत. त्या दोघींना घरात घे. त्यांचा काही दोष नाही. मला बोलवावंसं वाटलं नाही तर मी थांब्यावरच्या लिंबाखाली बसेन, संध्याकाळच्या गाडीपर्यंत. राग धरणार नाही.

पद्मा, तू थांबली नाहीस ना? आता मायजवळ बस जरा.

दाजींना जयभीम.

आक्का, पायावर डोकं ठेवू देशील तर तुझा धाकटा भाऊ, नाही तर नुसता

सोनाजी